पाणी चालणारे आणि पाणी न चालणारे

(सुगी उरकल्यावर गांवच्या चावडीपुढें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्हांस हुकूम झाला आहे कीं, मास्तर, धर्म, कायदा आणि समाज यांचें एकमेकांशीं नातें काय, यावर बोला. विषय डोंगराएवढा आहे, आणि आम्ही पडलों मराठी शाळेचे शिक्षक. सबंध डोंगर उचलण्याची आमची ताकद नाहीं. म्हणून एकच देश घेतों, त्या देशाचें एकच पुस्तक घेतों, आणि त्याचीं चार पानें तुमच्यापुढें उघडतों.

देश नेपाळ. काशीयात्रेला जोडून तुमच्यापैकीं कोणी पशुपतिनाथालाहि जाऊन आले असतील. देवदर्शन त्यांनीं केलें असेल. त्या देशाचा कायदा पाहिला नसेल. तो आज पाहूं.

हाच देश कां घेतला, तें आधीं सांगतों. आपल्याकडे कोणाला विचारलें कीं, बाबा, अमक्याच्या हातचें पाणी कां घेत नाहींस? तर तो म्हणतो, धर्म आहे. धर्म कोठें लिहिला आहे म्हणावें, तर म्हणतो, वाडवडिलांची रीत आहे. रीत कोणीं घातली म्हणावें, तर हात आभाळाकडे. धर्म, रीत आणि सरकार यांचीं सुतें अशीं गुंतलेलीं असतात, कीं कोणतें कोठून निघालें तें कोष्ट्यालाहि सांगतां यावयाचें नाहीं. नेपाळांत मात्र १८५४ सालीं हीं तिन्ही सुतें एकाच पुस्तकांत सरकारी शिक्क्यानिशीं बांधलीं गेलीं. तें पुस्तक मुलुकी ऐन. मुलूख आणि आईन हे दोन्ही शब्द मुसलमानी अमदानीच्या फारशी दफ्तरांतले. सोंवळें-ओंवळें ठरविणाऱ्या पुस्तकाचें नांवच परक्या भाषेंतलें, हें जातां जातां ध्यानांत ठेवावें.

१८४६ सालीं काठमांडूच्या राजवाड्याजवळ कोत नांवाच्या जागीं एका रात्रींत मोठमोठ्या सरदारांची कत्तल झाली, आणि त्या रक्तांतून जंगबहादुर कुंवर नांवाचा पुरुष वर आला. राजा गादीवर राहिला; कारभार जंगबहादुराच्या घराण्यांत गेला, तो १९५१ पर्यंत त्या राणा घराण्यांतच राहिला. राजा साताऱ्यास आणि सत्ता पुण्यास, हा प्रकार आपण मराठी माणसांना समजावून सांगावयास नको.

हा जंगबहादुर १८५० सालीं विलायतेस गेला. लंडन पाहिलें, पॅरिस पाहिलें, व्हिक्टोरिया राणीच्या दरबारीं मानमरातब घेतला. समुद्र ओलांडल्याचा दोष अंगीं लागूं नये म्हणून परतीच्या वाटेंत द्वारका-रामेश्वर केलें. आणि पुढें कौसल बसवून, सुरेंद्र राजाच्या नांवानें, १८५४ च्या जानेवारींत हा ऐन जारी केला. तो संस्कृतांत लिहिला नाहीं, लोकांच्या नेपाळी भाषेंत लिहिला. आम्हां शिक्षकांना मातृभाषेंतल्या पुस्तकाचें फार कौतुक. पण येथें कौतुक जरा आंवरावें लागतें, कारण ज्याच्याकडून दंड वसूल करावयाचा त्याला दंड कळला पाहिजे, एवढ्यासाठींहि लोकभाषा कामीं येते.

आतां पुस्तकाच्या आंत चला. जमीन, कर्ज, वांटणी, चोरी, हें सर्व त्यांत आहेच. पण फार मोठा भाग कोणीं कोणाच्या हातचा भात खावा, कोणाचें पाणी प्यावें, कोणत्या जातीच्या पुरुषानें कोणत्या जातीच्या स्त्रीशीं संबंध ठेविल्यास काय शिक्षा, यांत खर्ची पडला आहे. देशांतल्या सगळ्या माणसांच्या पांच पायऱ्या केल्या. पहिली तागाधारी, म्हणजे जानवें घालणारे: ब्राह्मण, ठकुरी, क्षेत्री वगैरे. दुसरी, दारू पिणारे पण ज्यांना गुलाम करतां येत नाहीं असे. यांत मगर, गुरुंग वगैरे. तिसरी, दारू पिणारे आणि ज्यांना गुलाम करतां येतें असे. यांत भोटे, चेपांग, थारू, आणि मडकीं घडविणारे कुमाल. चौथी, ज्यांचें पाणी चालत नाहीं, पण अंगाला अंग लागलें तर शिंतोडा घ्यावा लागत नाहीं असे. आणि पांचवी, ज्यांचें पाणीहि चालत नाहीं आणि शिवल्यावर शिंतोडाहि घ्यावा लागतो असे.

चौथ्या पायरीवर कोण बसले आहेत पाहा. कसाई आहेत, मुसलमान आहेत, आणि गोरे साहेबहि आहेत! ज्या राणीच्या दरबारांत जंगबहादुर चार वर्षांमागें मिरवला, तिच्या जातभाईंचें पाणी त्याच्या ऐनांत चालत नाहीं. अर्थात् साहेबांचें यानें कांहीं बिघडलें नाहीं. ज्याच्याजवळ तोफा आहेत त्याला खालच्या पायरीवर बसविलें तरी तो खुर्चीवरच बसतो. पायरी सोसावी लागते ती ज्याच्याजवळ हातोडा आणि सुई याशिवाय दुसरें कांहीं नाहीं त्याला.

म्हणून पांचव्या पायरीकडे आमच्या लोहार, सोनार आणि शिंपी बंधूंनीं मुद्दाम कान द्यावा. तेथें सार्की आहेत, म्हणजे कातडें कमावणारे व जोडे शिवणारे. त्यांचें नांव ऐकून तुम्हांला नवल वाटणार नाहीं, कारण आपणहि इकडे तेंच पाप करीत आलों. पण त्यांच्याच शेजारीं कामी आहेत. कामी म्हणजे लोहार. दमाई आहेत, दमाई म्हणजे कपडे शिवणारे आणि लग्नांत वाजंत्री वाजविणारे. आणि सुनार आहेत, म्हणजे सोनार!

आतां विचार करा. तेंच लोखंड, तीच ऐरण, तोच भाता. इकडे आपला लोहार गांवचा बलुतेदार, त्याच्या हातचें पाणी कोणी नाकारीत नाहीं. आणि तिकडे त्याच कामाच्या मनुष्याची सांवली नको. सोनाराची गोष्ट तर याहून बोलकी. आपल्याकडे सोनारांनीं स्वतःस दैवज्ञ ब्राह्मण म्हणविलें, एकमेकांस 'नमस्कार' म्हणूं लागले, तेव्हां पुणें दरबाराच्या पोटांत दुखूं लागलें. दरबारच्या मागणीवरून मुंबईच्या कंपनी सरकारनें १७७९ सालीं हुकूम काढला, कीं सोनारांनीं 'नमस्कार' हा शब्द वापरूं नये. म्हणजे एका मुलखांत सोनार ब्राह्मणपण मागतो आणि सरकार त्याच्या तोंडचा शब्द काढून घेतें; दुसऱ्या मुलखांत सरकार त्याला अस्पृश्यांत लिहून ठेवतें. दोन्हीकडे राज्य हिंदूंचें, दोन्हीकडे तेच वेद आणि तीच स्मृति म्हणतात. मग अस्पृश्यता जर ईश्वरानें माणसाच्या अंगांत घातली असेल, तर ती हिमालय चढतां चढतां लोहाराच्या अंगांत शिरते आणि उतरतां उतरतां निघून जाते कीं काय?

ऐनाच्या आधीं नेपाळांत शिवाशीव नव्हती, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. रीत होती. पण ती खोऱ्याखोऱ्यांत निराळी, कोठें घट्ट, कोठें सैल. ऐनानें ती सगळ्या देशावर एकाच मापानें ठोकली. डोंगरांतले कित्येक लोक बौद्ध होते, कित्येक आपापल्या कुळाचे देव पूजणारे होते. चार वर्ण कशाशीं खातात हें त्यांना ठाऊकहि नव्हतें. त्यांनाहि या शिडीवर पायरी नेमून दिली. ज्या मगर-गुरुंगांच्या बळावर फौज उभी होती त्यांना गुलाम न करण्याची सवलत मिळाली, आणि ज्या गरिबांचें कोणी नव्हतें ते विकण्यासारखे ठरले. यांत धर्म किती आणि राज्याची सोय किती, हें ज्याचें त्यानें तोलावें. आमचा कांटा कोणीकडे झुकतो तें सांगण्याची गरज नाहीं.

शिक्षांचाहि हाच न्याय. ज्या गुन्ह्यासाठीं दुसऱ्याला फांशी, त्याच गुन्ह्यासाठीं ब्राह्मणाला फांशी नाहीं. त्याचें मुंडन करून जातींतून खालीं उतरवावयाचें आणि कैदेंत टाकावयाचें. एक गोष्ट मात्र त्या काळाच्या मानानें चांगली होती, कीं वरपासून खालपर्यंत सगळ्यांनीं लेखी कायद्यानें वागावें, हाकीमाच्या लहरीनें नव्हे, असें ऐन सांगे. तें आम्ही नाकारीत नाहीं. पण कायद्याच्याच तागडींत जात घातलेली असली म्हणजे लहर गेली आणि अन्याय राहिला, एवढेंच होतें.

पावित्र्य घालविणें आणि परत देणें यासाठीं एक निराळी कचेरीच होती. तिचा मुख्य तो धर्माधिकारी. ज्याचा जातिधर्म बिघडला त्यानें तेथून पतिया घ्यावयाचा. पतिया म्हणजे शुद्धिपत्र. तो फुकट मिळत नसे. पहिल्या महायुद्धांत हजारों गुरखे इंग्रजांच्या पलटणींतून फ्रान्सच्या आणि मेसोपोटेमियाच्या रणांत लढले. हे कोण? आपल्यासारखेच कुणब्यांचे पोरगे. जगले वांचले ते परत आले, आणि घरीं जाण्याआधीं त्यांना 'पानी पतिया' घ्यावा लागला, कारण ते समुद्र ओलांडून आले होते! त्यासाठीं इंग्रज सरकार आणि नेपाळ दरबार यांच्यांत लिहापढी होऊन देहरादूनला शुद्धीची व्यवस्था झाली. ज्या दरबारानें त्यांना समुद्रापार पाठविण्यास संमति दिली, त्याच दरबाराच्या लेखीं ते परत येतांना बाटलेले. जंगबहादुर समुद्रापार जाऊन आला तो पायऱ्या बांधावयाला बसला. हे पोरगे जाऊन आले ते पायरीखालीं उभे राहिले.

पांचव्या पायरीवरचा लोहार जगत कसा होता? त्याचें उत्तर ऐकून तुम्हांला आपलें गांव आठवेल. नेपाळच्या डोंगराळ गांवांत बालीघरे नांवाची पद्धत आहे. कामी वर्षभर नांगर, कुदळ, विळा करून देतो. दमाई घरच्या माणसांचे कपडे शिवतो. सार्की जोडे आणि कातड्याचें काम बघतो. रोख पैसा नाहीं. पीक हातीं आलें म्हणजे ठरलेलें धान्य मिळतें, त्याला म्हणतात बाली. म्हणजे आपलें बलुतेंच. आपले बलुतेदार जाणतात कीं, धान्याचें माप देणाऱ्याच्या हातीं असतें, आणि साल वाईट गेलें कीं पहिली कात्री बलुत्याला लागते. नेपाळच्या कामीला याहून एक दुःख जास्त, कीं ज्या घराचा विळा त्यानें घडविला त्या घराचा उंबरठा त्याला बंद. विळा आंत जातो, त्याला विटाळ नाहीं. घडविणारा बाहेर. तांब्या ओला करून घासला म्हणजे धातू शुद्ध होतो, असें आमच्या आया म्हणत. माणसाला घासण्याची राख अजून कोणाला सांपडली नाहीं.

आतां हें पुस्तक मोडत कसें आलें तें थोडक्यांत सांगतों. राणांपैकींच चंद्र शमशेर यानें १९२० सालीं सती जाणें बंद केलें. १९२४ सालीं त्यानेंच गुलामांच्या मुक्ततेसाठीं मोठें भाषण करून पुढें पन्नास हजारांहून अधिक गुलाम सोडविले. मालकांना भरपाई दिली. मुक्त झालेल्यांच्या वसाहतीला अमलेखगंज नांव पडलें, आणि तें गांव अजून तराईंत आहे. हें करतांना ऐनांतल्या तिसऱ्या पायरीचें मोल मोडलें, पण शिडी उभीच राहिली. १९५१ त राणाशाही गेली. १९६३ सालीं महेंद्र राजानें नवा मुलुकी ऐन आणला आणि जातीप्रमाणें शिक्षा ही तऱ्हा त्यांतून काढून टाकली. एकशेंनऊ वर्षें जें कायद्यानें शिकविलें तें कागदावरून एका दिवसांत पुसलें गेलें.

कागदावरून. कारण कायदा पाटीसारखा आहे, पुसला कीं पुसला. पण रीत ही गिरविलेल्या अक्षरासारखी हातांत बसते. पश्चिम नेपाळांत हलिया म्हणून नांगरे होते, बहुतेक दलितच. बापानें घेतलेल्या कर्जापायीं मुलानें मालकाचा नांगर धरावयाचा, आणि त्याच्या मुलानें पुन्हां. त्यांची मुक्ति सरकारनें जाहीर केली ती २००८ च्या सप्टेंबरांत! म्हणजे कायद्यांतून जात जाऊन पंचेचाळीस वर्षें झालीं तेव्हां. मुक्ति मिळाली, पण पायाखालीं जमीन किती जणांना मिळाली, हा प्रश्न तेथील लोक अजून विचारतात. नांगर सोडला आणि जमीन नाहीं, मग धरावयाचें काय, हें कुणब्याला सांगावें लागत नाहीं.

२००६ सालीं नेपाळच्या संसदेनें हिंदु राज्य हें बिरुद सोडलें, आणि त्याच वर्षीं देश अस्पृश्यतामुक्त जाहीर केला. २००८ त राजा गेला. २०११ त जातिभेद व छुआछूत यांना शिक्षा देणारा खास कायदा झाला, आणि २०१५ च्या राज्यघटनेंत दलितांचे हक्क स्वतंत्र कलमांत लिहिले. आतां कामी आपलें नांव विश्वकर्मा लावतात, दमाई परियार लावतात. त्या देशांत शेंकडा सुमारें १३ लोक दलित आहेत.

आणि तरी २०२० च्या मे महिन्यांत काय झालें तें ऐका. पश्चिम रुकुम जिल्ह्यांत एक दलित तरुण आपल्या आवडीच्या वरच्या जातीच्या मुलीला आणावयाला मित्रांसह तिच्या गांवीं गेला. गांव उठलें, दगड उठले. नदीपाशीं सहा तरुण मेले. २०२३ सालीं जिल्हा न्यायालयानें कित्येकांना जन्मठेप दिली. जंगबहादुराच्या ऐनाप्रमाणें शिक्षा त्या पोरालाच झाली असती. नव्या कायद्याप्रमाणें ती मारणाऱ्यांना झाली. कायद्यानें केवढी मजल मारली पाहा. आणि ती मजल त्या नदीकांठीं वेळेवर कां पोंचली नाहीं, तेंहि पाहा.

कोणी म्हणेल, नेपाळ लहान, गरीब, डोंगराळ. बरें, जपान घ्या. तेथें कातडें कमावणारे आणि मेलेलीं गुरें ओढणारे यांना एता म्हणत, आणि हीन मानलेल्या दुसऱ्या एका वर्गाला हिनिन, म्हणजे जे माणूसच नव्हेत असे. तेथें तर वेद नाहींत, मनु नाहीं. बुद्धाचा आणि शिंतो देवतांचा देश. १८७१ सालीं सरकारनें हुकूम काढून तीं दोन्ही नांवें रद्द केलीं. पण त्याबरोबर त्यांचा कातड्याचा मक्ताहि गेला आणि करांची सवलतहि गेली. नांव काढलें, पोट कापलें. वर शेजारचे शेतकरी चिडले. १८७३ सालीं मिमासाका प्रांतांत दंगा होऊन या लोकांचीं घरें जाळलीं, माणसें मारलीं. आम्हांला हें सांगतांना लाज वाटते, कारण जाळणारे कोणी जमीनदार-सरदार नव्हते. ते कुणबीच होते. सर्वांत खालच्या पायरीवरून आपल्याला एक पायरी वर ठेवणारा कायदा गेला, एवढ्यानें ते खवळले. अखेर १९२२ सालीं क्योटोंत त्या लोकांनींच आपली सुइहेइशा संस्था काढली, आणि कोणाच्या दयेची वाट न पाहतां चळवळ सुरू केली.

आपल्या महाराष्ट्राचेंहि या कामीं एक पान आहे. १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कायदेमंडळांत ठराव आणला, कीं सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्या. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ त चवदार तळें खुलें केल्याचें लिहिलें. लिहिलें, पाणी मात्र कोणी भरूं देईना. १९२७ च्या मार्चांत डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यावर वरच्या जातीचे लोक कोर्टांत गेले आणि म्हणाले, आमची ही अनादि रूढि आहे. दहा वर्षें खटला चालला. १९३७ सालीं हायकोर्टानें निकाल दिला, कीं अशी अनादि रूढि वादींनीं सिद्ध केली नाहीं. पाहा, जी गोष्ट आभाळांतून आली म्हणत होते, ती कोर्टानें पुराव्याला लाविली तेव्हां जमिनीवरहि उभी राहीना.

याच बोल्यांनीं दुसरें एक बिल आणलें, त्याला लोक जोशी बिल म्हणत. तोंपर्यंत वतनदार जोश्याला न बोलावितां कोणीं घरचें लग्न लाविलें, तरी तो जोशी दक्षिणेसाठीं दावा करी आणि कोर्ट ती देववी. मंत्र न म्हणतां दक्षिणा! १९२६ सालीं कायदा झाला आणि तो हक्क गेला. तुमच्या आज्या-पणज्यांनीं या दाव्यांत बैलांचे पैसे घातले आहेत.

आतां आमच्या गांवाकडे वळतों आणि थांबतों. आपल्या भागांत जातपंचायती अजून बसतात. मुलीनें जातीबाहेर लग्न केलें, विधवेनें पाट लाविला, कोणीं पंचांच्या विरुद्ध फिर्याद केली, कीं घर वाळीत. चूल, पाणी, मयत, सगळें बंद. मग दंड भरा, पान-सुपारी करा, आणि जातींत या. हा धर्माधिकाऱ्याचा पतियाच, फक्त कचेरीवांचून. हे पंच कोणी भटजी नाहींत. आपलेच काके-मामे आहेत. महाराष्ट्र सरकारनें यासाठीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१६ सालीं केला आणि तो २०१७ च्या जुलैपासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या पंचायतीच्या बैठकींत असा ठराव करणेंहि गुन्ह्यांत येतें. फिर्याद पोलिसांत करतां येते, किंवा थेट मॅजिस्ट्रेटपुढेंहि करतां येते.

या कायद्याची मराठी प्रत आम्ही शाळेंत ठेविली आहे. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें सायंकाळीं दिवे लागल्यावर यावें, आम्ही वाचून दाखवूं. बायामाणसांनींहि यावें. आणि ज्या घराला आज कोणी वाळीत टाकलें असेल, त्यानें सगळ्यांसमोर येण्याची लाज धरूं नये. पण धरलीच, तर आमच्या घरची मागची कडी रात्रीं लावलेली नसते.